गार्डसाहेबांची तगमग

२०१९ साली एग्मोर स्टेशनाजवळच्या घरात कृष्णकांतरावांची स्मृती पार गेली होती. त्यांचा जन्म रेल्वेत गार्ड म्हणून गेला होता. आता दिवे लागले की ते शर्टाची बटणे लावत, काढत, पुन्हा लावत. सून निधी त्याला चुळबुळ म्हणे, मुलगा कौशिक चाळा म्हणे. अन्नपूर्णाबाईंना मात्र ती तगमग दिसे. नवऱ्याला घटकाभर स्वस्थता मिळावी, एवढेच त्यांना हवे होते.

“अहो, आज ड्युटी नाही. बसा बघू.”

“तुला काय कळतंय? सिग्नल पडला, गाडी सुटेल!” ते खेकसत.

दिवाळीत अन्नपूर्णाबाईंनी सगळे शर्ट बांधून ठेवले आणि नवऱ्याला गोल गळ्याचा टी-शर्ट घातला. त्या संध्याकाळी कृष्णकांतरावांची बोटे छातीवर फिरली, चाचपडली आणि मांडीवर पडून राहिली.

“आई, जिंकलात! बाबा कसे शहाण्यासारखे बसलेत,” निधी म्हणाली. अन्नपूर्णाबाईही हसल्या.

दुसऱ्या दिवशी ते अंथरुणातून उठले नाहीत. पुढे जेवणही सुटले. घाबरून अन्नपूर्णाबाईंनी जुना शर्ट नवऱ्याच्या अंगात घातला, बोटे बटणांवर ठेवली.

“अहो, उशीर होतोय, निघा ना!”

बोटे हलली नाहीत.

संक्रांतीआधी ते गेले. पुढे कौशिकची कोइमतूरला बदली झाली. निधी तिथे शाळेत शिकवते. अन्नपूर्णाबाई दिवसभर खिडकीशी बसून असतात. सासूबाई किती शांत आहेत, असे शेजारणी कौतुकाने म्हणतात, तेव्हा निधी काहीतरी निमित्त काढून आत निघून जाते.