आठवं पान

एकत्र शिवलेल्या या जुडीत आठ पानं हवी होती, सातच भरली. एर्सीलियाने पुन्हा मोजली. सातच.

पाचशे वर्षांपूर्वी हाताने लिहिलेलं ते स्तोत्रांचं पुस्तक नाझारेनोने कालच नव्याने शिवून दिलं होतं. जुनी शिवण इतकी आवळ होती, की पुस्तक जेमतेम अर्धं उघडायचं. आज ते पहिल्यांदा सपाट उघडलं आणि शिवणीपाशी बोटभर रुंदीची पट्टी तेवढी उरलेली दिसली. पान सुरीने कापलेलं. तिने समोरासमोरच्या पानांवरून अंगठा फिरवला. डावं गुळगुळीत, उजवं खरखरीत. वासराच्या कातड्याची पानं रचताना केसाकडची बाजू केसाकडच्या बाजूसमोरच ठेवतात; इथे तो मेळ बिघडला होता.

जुन्या यादीत पाहावं, तर तिथे ‘स्तोत्रं, लहान पुस्तक, चांगलं’ एवढंच खरडलेलं. यादी करणाऱ्या पाद्रीबाबांना बहुधा जेवायची घाई असावी.

सहा आठवडे पुस्तक फक्त नाझारेनोच्या हाती होतं. कॅथेड्रलच्या या ग्रंथालयात तो चाळीस वर्षं पुस्तकं दुरुस्त करत होता. एर्सीलिया नोकरीला लागली, तेव्हा मेण लावलेला दोरा सुईत ओवायला त्यानेच शिकवलं. आता ती छप्पन्न वर्षांची, ग्रंथालयाच्या किल्ल्या तिच्या कमरेला, तरी हा तिला ‘पोरी’च म्हणायचा. रोज दुपारी स्वतःच्या पावातला अर्धा तिच्या टेबलावर ठेवायचा. अशा माणसावर संशय घ्यायचा म्हणजे जिवावर यायला हवं. पण एकदा मनात पाल चुकचुकली की साध्या गोष्टीही वाकड्या दिसतात. परवा त्याने विचारलं होतं, “तो फ्लॉरेन्सचा जुन्या वस्तूंचा व्यापारी अजून येतो का गं?” का विचारलं असेल? आणि ती चपटी चामड्याची पिशवी, तिच्यात एक पान सहज मावेल. शिवाय आठवडाभर म्हातारा गुणगुणत होता. याला एवढं गुणगुणायला काय झालं?

तिने ग्रंथालयाचे प्रमुख असलेल्या मोन्सिन्योरना फोन केला. “एक पान गेलंय. पुस्तक नाझारेनोशिवाय कुणाच्या हातात नव्हतं.”

“तीनला येतो,” ते म्हणाले. “येताना पोलिसांच्या मारेशाल्लोलाही घेऊन येतो. तोवर त्याला बाहेर सोडू नका.”

साडेबाराला नाझारेनो हात धुवायला अंगणातल्या विहिरीवर गेला. एर्सीलियाने पिशवीचा पट्टा काढला. आत पानांना घड्या घालायची हाडाची पट्टी, मेणाचा गोळा, कागदात गुंडाळलेले पावाचे दोन तुकडे. एकात कांदा, दुसऱ्यात नाही. तिला कांदा चालत नसे. तिने तोही कागद उलगडून पाहिला. फक्त चीज होतं. पान घरी पोचलं असणार, असं म्हणून तिने पिशवी होती तशी बंद केली.

तो परतला. पिशवीकडे हात नेला आणि थबकला.

“मी पट्टा दुसऱ्या भोकात अडकवतो,” तो म्हणाला. “हा तिसऱ्यात आहे.”

माघार घ्यायची एर्सीलियाची जात नव्हती. तिने पुस्तक त्याच्यापुढे सरकवलं. “हे पान कुठंय, नाझारेनो?”

“कुठलं?”

“हे, कापलेलं! केसाकडची बाजू भलत्याच बाजूसमोर आलीय, दिसत नाही? मला वेड्यात काढू नका.”

त्याने चष्मा नाकावर चढवला. कापलेल्या पानाच्या पट्टीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. “कातडं बरोबर ओळखलंस. मोजलंसही बरोबर. वाचलंस का?”

“म्हणजे?”

“डाव्या पानाची शेवटची ओळ वाच. मोठ्याने.”

ती वाकली. ओळ शब्दाच्या मध्येच संपली होती. “मिसेरि...”

“आता उजवीकडची पहिली.”

“...कोर्दिया.”

मिसेरिकोर्दिया. दया. लहानपणापासून हजार वेळा तोंडी आलेला शब्द. मध्ये पान हरवलेलंच नव्हतं. पाचशे वर्षांपूर्वी लिहिणाऱ्याने एक पान बिघडवलं, कापून फेकलं आणि अर्धा राहिलेला शब्द पुढच्या पानावर पुरा केला. एर्सीलियाने पानं मोजली, कातडं चाचपलं, पिशवी उपसली. लॅटिन येत असून दोन ओळी तेवढ्या वाचल्या नाहीत. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“मी मोन्सिन्योरना फोन केलाय,” ती कशीबशी म्हणाली. “ते मारेशाल्लोला घेऊन येतायत.”

“हो का?” नाझारेनो म्हणाला. “मग बसतो इथंच. नाहीतर पळालो म्हणतील.”

तीनला दोघंही आले. तिने त्यांच्यापुढे चूक कबूल केली, एकही शब्द गाळला नाही. मोन्सिन्योर हसले, मारेशाल्लोने कॉफी मागितली, आणि त्यांच्यापुरतं प्रकरण मिटलं. नाझारेनो हसला नाही, रागावलाही नाही. तो दोऱ्याला मेण लावत बसला. त्याने चार शब्द सुनावले असते तर तिला बरं वाटलं असतं.

पाचला तो उठला, तिच्या टेबलापाशी आला आणि पिशवी उघडून पुढे ठेवली.

“बघून घ्या, सिन्योरा.”

तीस वर्षांत तो तिला कधी सिन्योरा म्हणाला नव्हता.

“असं नका हो करू, नाझारेनो. माझी चूक झाली.”

“चूक कुणाचीही होते. तुम्ही बघून घ्या.”

तिने मान फिरवली. तो हलला नाही. घड्याळात सव्वापाच झाले, तरी पिशवी उघडीच आणि म्हातारा उभाच. शेवटी तिने आत पाहिलं. हाडाची पट्टी होती, मेणाचा गोळा होता, आणि कागदात नीट गुंडाळलेला, बिनकांद्याचा पाव होता.

त्याने पट्टा दुसऱ्या भोकात अडकवला आणि तो पाव घरी घेऊन गेला.