टिश्यूचा डबा

बावीस वर्षं पहिलीचा वर्ग सांभाळलेल्या बाई पन्नाशीत समुपदेशन शिकायला निघाल्या, तेव्हा नवरा म्हणाला, "म्हणजे आता मोठ्यांची नाकं पुसणार." बोलला थट्टेत, पण नेमकं दुखण्यावर बोट ठेवलं. बाईंना कुणी रडलेलं सोसत नसे.

प्रमाणपत्राला माणसांना समोर बसवून ऐकल्याचे शंभर तास हवे होते. बाईंच्या वहीत नव्वद भरले होते, त्यांतले सात एकट्या एका शिंप्याचे. शिंपी साठीचा. कर्ता मुलगा आठ महिन्यांपूर्वी एकाएकी गेला, तेव्हापासून याला धड झोप नाही आणि डोळ्यांत टिपूसही नाही. सुनेनं बळंच धाडलं होतं.

समुपदेशन केंद्रातल्या खोलीत दोन खुर्च्या, एक घड्याळ, तिपाईवर टिश्यूचा डबा. शिकाऊंवर देखरेख करणाऱ्या मोठ्या बाई बजावत, "डबा असू दे, पण आपण पुढे सरकवायचा नाही. सरकवला की समोरच्याला ऐकू येतं, पुरे आता." बाईंनी हे लिहून खाली दोन रेघा मारल्या होत्या. रेघा मारल्या की धडा पक्का, हा मास्तरकीतला जुना समज.

शिंपी येई, बसे आणि साऱ्या जगाची मापं काढी. "मॅडम, तुमची डावी बाही अर्धा इंच लांब आहे. कुणी शिवली? त्याला पाठवा इथं, माझ्याऐवजी." बाई हसत. सात तास असेच गेले.

आठव्या खेपेला तो म्हणाला, "काल कपाट आवरलं. पोराची पँट निघाली. कमरेत सैल करायला टाकली होती. चारदा विचारलं त्यानं, बाबा, झाली का? मी म्हटलं, आधी गिऱ्हाइकाचं. घरचं काय, होईल." त्यानं मांडीवरची सुरकुती अंगठ्यानं सपाट केली. "काल केली सैल."

त्याची हनुवटी थरथरली. घशातून आवाज निघाला, दार नुसतं किलकिलं व्हावं तेवढाच.

आणि बाईंचा हात पुढे गेला. त्यांनी धाडला नव्हता. बावीस वर्षांच्या सवयीनं आपला आपण गेला. डबा सरकला. "असू दे, असू दे," असंही तोंडून निघालं.

शिंप्यानं डब्याकडे पाहिलं. एक कागद ओढून चेहरा कोरडा केला, त्याची चौकोनी घडी घालून खिशात ठेवली. "माफ करा मॅडम, भान राहिलं नाही." उरलेली वीस मिनिटं तो काजाबटणांवर बोलला.

पुढच्या आठवड्यात त्याचा फोन आला. "आता येत नाही मॅडम. त्या दिवशी तुम्ही वेळेत आवरलंत मला, नाहीतर शोभा झाली असती. उपकार झाले."

"झोप लागते का?"

"मशीन आहे की सोबतीला."

"तुम्ही या. तुमची वेळ मी राखून ठेवते."

"बघू. ती बाही मात्र दुकानात घेऊन या. सरळ करून देतो."

माणूस आला नाही तरी त्याची पन्नास मिनिटं त्याचीच, असा तिथला नेम होता. शंभरात ती धरत नसत. ठरल्या वेळी बाई खोलीत गेल्या. डबा उचलून पलीकडे, त्याच्या खुर्चीशेजारी ठेवला. मग रिकाम्या खुर्चीसमोर, वर्गातल्या खोडकर पोरांना बसवत तशा, स्वतःचे दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसून राहिल्या.