यांगथांगच्या पुढचा मुक्काम

"पहिले दोन दिवस चालायचंच नाही," आलोशियस कागदावर बोट ठेवून म्हणाला. "लेहमध्ये नुसतं पडून राहायचं. हवा विरळ असते. शरीराला सवय व्हावी लागते."

"मी सहा वर्षं पडून आहे," त्याची बायको अँजेलिना कॉटवरून म्हणाली. "अजून नाही झाली सवय."

तो ओशाळला. तिची उजवी बाजू लुळी पडल्याला येत्या नाताळात सहा वर्षं पुरी होणार होती. बोलणं तेवढं शाबूत होतं. जरा जड, पण तिखट.

आलोशियस तुस्कानो वसईतल्या एका शाळेच्या कचेरीत तीस वर्षं कारकून होता. शाळेचं वेळापत्रक तोच बसवायचा, आणि तीच हातोटी त्याने हिमालयासाठी वापरली होती. गावातली तरुण मंडळी दरवर्षी कुठल्या ना कुठल्या डोंगरात जायची, त्यांचा सगळा आराखडा आलोशियसच्या हातचा. स्पिती, किन्नौर, सिक्कीम. कुठल्या गावात कुणाच्या घरी उतरायचं, पाणी कुठे भरायचं, गोम्पात, म्हणजे तिथल्या मठात, शिरताना जोडे कुठे काढायचे, प्रार्थनाचक्र कुठल्या बाजूला ठेवून चालायचं, सगळं. पत्रं पाठवून, नकाशे जमवून तो हे गोळा करायचा. अंकलचा कागद खिशात असला की वाट चुकत नाही, असं पोरं म्हणायची. अंकल स्वतः मात्र डहाणूच्या पुढे गेलेला नव्हता. आधी रजा नव्हती, मग ऐपत नव्हती, आणि निवृत्त व्हायच्या आधीच अँजेलिना अंथरुणाला खिळली.

"यंदा कितीजण?" तिने विचारलं.

"अकरा."

"बारावं नाव लिही."

"कोणाचं?"

"तुझं."

तो महिनाभर नाही म्हणत राहिला. तिला उचलायचं कोणी, औषधं कोणी द्यायची, अशी कारणं त्याने सांगितली. अँजेलिनाने तोपर्यंत सगळं ठरवून टाकलं होतं. विरारला दिलेली मुलगी ज्युलियेट शाळेत रजा टाकून बारा दिवस येऊन राहणार होती. राजोडीहून रोज येणारी भागूबाई होतीच.

"जावा ओ तुमी," भागूबाईही म्हणाली. "बाईंना काय व्हनार नाय. पानी पाजायला मी हाय, पोरगी हाय. आनखी काय लागतं?"

मग तो तयारीला लागला. पहाटे पाठीवर पिशवी घेऊन किल्ल्यात चालायला जायचा. पिशवीत आठ किलो तांदूळ. डॉक्टरांनी छाती तपासून होकार दिला. वाट अशी ठरली: लिकिर, यांगथांग, हेमिस शुकपाचन, तेमिसगाम. तीन दिवसांची चाल, रोज एक खिंड, आणि रात्री गावातल्या घरात मुक्काम. "पन्नाशी उलटलेल्यालाही जमेल असं," त्याने कागदाच्या डोक्यावर लिहिलं होतं. एक प्रत त्याने अँजेलिनाच्या कॉटशेजारी भिंतीवर चिकटवली. चालीच्या दिवसांपुढे लिहिलं, 'फोन नाही. निरोप लेहच्या हॉटेलवर. जीप अर्ध्या दिवसात गावात पोचते.' खाली हॉटेलचा नंबर.

सप्टेंबरात तो निघाला. अँजेलिनाने डाव्या हाताने त्याच्या कपाळावर क्रूस काढला.

"आता जा," ती म्हणाली. "आणि मागे बघत रिक्षात चढू नकोस. पडशील."

लडाखमध्ये जवाची कापणी चालू होती. जे त्याने वीस वेळा लिहिलं होतं ते आता समोर होतं. ओढ्याच्या काठची पिवळी शेतं, पांढरे स्तूप, आणि त्यामागे गवताचं पातंही नसलेला डोंगर. चालीच्या दुसऱ्या दिवशी यांगथांगहून निघाल्यावर खिंडीच्या चढाला त्याचा श्वास पुरेना. दहा पावलं चालायचं आणि थांबायचं. गटाचा म्होरक्या ॲल्रॉय त्याच्यामागे सावकाश येत होता.

"अंकल, बॅग द्या माझ्याकडे."

"नको रे. ही मीच आणणार."

माथ्यावर पताका फडफडत होत्या. आलोशियस दगडांच्या राशीजवळ बसला आणि लहान मुलासारखा रडला. ॲल्रॉय पाठ फिरवून दुसरीकडे बघत उभा राहिला.

संध्याकाळी ते हेमिस शुकपाचनला उतरले. ज्या घरी मुक्काम होता तिथली आजी, आंगमो नावाची, सत्तरीच्या पुढची होती. सहाच्या सुमारास ती माडीवरच्या देवघरात लोण्याचे दिवे लावायला निघाली, आणि का कोण जाणे, तिने आलोशियसला बोलावलं. तिचा जावई हिंदीत सांगू लागला, आजी विचारतेय, घरी कोण आहे?

"बायको. आजारी आहे. बिछान्यात."

आजीने पेटती काडी त्याच्यापुढे धरली. तो घुटमळला. परक्या देवासमोर हात उचलावा की नाही, ते त्याला कळेना.

"गेलेल्या माणसासाठी लावतात ना?" त्याने विचारलं.

जावयाने विचारलं. आजी हसली, काहीतरी बोलली.

"बोलती है, जिंदा के लिए भी."

"जिंदा है," आलोशियस म्हणाला, आणि त्याने दिवा लावला.

आणखी दोन दिवसांनी लेहला पोचताच बॅग रस्त्यावरच टाकून तो एसटीडी बूथमध्ये शिरला.

"डॅडी? तुम्ही लेहला आलात?" ज्युलियेटने विचारलं.

"आलो. मम्मीच्या कानाला फोन लाव."



"मम्मी गेली, डॅडी. परवा."

"परवा किती वाजता?"

"चार वाजता. काल संध्याकाळी माती दिली."

तो फोन हातात धरून उभाच राहिला. आजीला जिंदा है म्हणून सांगितलं, तेव्हा अँजेलिनाला जाऊन दोन तास झाले होते.

तो घरी पोचला तेव्हा ओटीवर माणसं बसली होती. अँजेलिनाचा भाऊ त्याला पाहून उठला आणि निघून गेला. माणसं पांगल्यावर आलोशियसने ज्युलियेटला समोर बसवलं.

"हॉटेलचा नंबर भिंतीवर होता."

"होता."

"जीप रात्रीच आली असती. सकाळचं विमान मिळालं असतं. संध्याकाळपर्यंत मी इथे असतो."

"हो. मामा तेच ओरडत होता."

"मग फोन का नाही केलास?"

"मम्मीने शपथ घातली होती. तुम्ही निघालात त्याच दिवशी. म्हणाली, मला काही झालं तरी त्याला अर्ध्या वाटेवरून आणायचं नाही."

"आणि तू ऐकलंस! मला एकदा विचारायचं तरी."

"विचारलं असतं तर तुम्ही आला असतात," ज्युलियेट म्हणाली, आणि तिला रडू फुटलं.

तिला जवळ घ्यावं असं त्याला वाटलं नाही. तो उठून मागच्या पडवीत गेला. तिथे भागूबाई अँजेलिनाच्या चादरी धूत होती. त्याला बघून तिने नळ बंद केला.

"पोरीला बोलू नका," ती म्हणाली. "तिचे हाल मी बघितलेत. दोनदा फोन उचलला नि ठेवला."

तो पडवीच्या पायरीवर बसला.

"बाई रोज सकाली तो कागद वाचून घ्यायच्या. आज कुटं असतील, किती चालले असतील. त्या दिवशी दुपारी श्वास लागला तरी इचारत होत्या, खिंड चडून झाली असंल का गं? मी म्हटलं, झाली की बाई. मला काय ठावं खिंड कशी असते! तर म्हनाल्या, मग आता नुसता उतारच हाय. आनि डोले मिटले."

त्या दिवशी दुपारी तो खरंच उतारावर होता. 

दुसऱ्या दिवशी सकाळच्या मिस्सानंतर तो चर्चमागच्या कबरस्तानात गेला. लाकडी क्रुसावर नाव घातलं होतं, रंग अजून ओला वाटत होता. हार सुकले होते. घाईने ओढलेल्या मातीत मोठाली ढेकळं तशीच होती. आलोशियस गुडघ्यांवर बसला. एक ढेकूळ उचलून त्याने दोन्ही तळव्यांत दाबलं, बोटांनी कुस्करून पार पीठ केलं, आणि हळूच जागेवर सोडलं. मग दुसरं घेतलं.

ज्युलियेट फाटकापाशी उभी होती. बऱ्याच वेळाने ती आत आली, कबरीच्या पायांच्या बाजूला बसली आणि तिनेही एक ढेकूळ उचललं. त्याने तिच्याकडे पाहिलं नाही.

"आधी खडे वेच," तो म्हणाला.