पेल्यांमधलं अंतर

टेबलाच्या आपल्या टोकाला दहा पेले मांडायचं काम ग्रेचनने स्वतःकडे घेतलं, तेव्हा मॅकेनाला वाटलं, हिला नेमकेपणाची हौसच आहे. दोघी वसतिगृहात एकाच खोलीत राहायच्या. प्रयोगशाळेत परीक्षानळ्यासुद्धा उंचीप्रमाणे लावणारी मुलगी, ती लाल प्लास्टिकचे पेले दुसऱ्या कुणाला कसे लावू देणार?

खरं कारण वेगळं होतं. पेल्यांचा त्रिकोण कडेला कड भिडवून लावला, की चुकलेला नेमही लागतो. चेंडू एका कडेवर आपटतो आणि घरंगळत शेजारच्या पेल्यात पडतो. तेच पेले नखाएवढ्या फटीने ठेवले, तर कडेवर आपटलेला चेंडू उसळून बाहेर जातो. टेबलाच्या पलीकडून ती फट दिसत नाही. समोरच्यांचा चेंडू ज्या पेल्यात पडेल त्यातली बिअर आपण प्यायची, असा हा खेळ. आणि पार्टी चालली होती त्या घराचा नियम असा, की हरलेल्या जोडीने जिंकलेल्यांचे उरलेले पेलेही रिकामे करायचे. मॅकेनाने कमीत कमी प्यावं एवढंच ग्रेचनला हवं होतं.

मॅकेनाला लहानपणापासून मधुमेह होता, इन्सुलिनवर राहावं लागणारा. कॉलेजात हे ग्रेचनशिवाय कुणाला माहीत नव्हतं, आणि कळू द्यायचं नाही अशी ताकीद होती. दंडावर चिकटवलेला साखर मोजणारा सेन्सर टी-शर्टाच्या बाहीखालून दिसतो म्हणून त्या दिवशी तिने तो काढून ठेवला होता. फ्रॅटच्या, म्हणजे कॉलेजातल्या मुलांच्या संघटनेच्या, घरामागच्या अंगणात शनिवारच्या फुटबॉल मॅचआधीची गर्दी होती, आणि वायट तिथे होता.

वायट या घराचा अध्यक्ष. त्याचा जोडीदार डॉयल. हे दोघे या टेबलावर सहसा हरत नसत.

"प्रोफेसरबाई, पेले लावताय की घड्याळ दुरुस्त करताय?" वायट पलीकडून म्हणाला.

"टेबल ओलं आहे. सरकतात," ग्रेचन म्हणाली आणि मागचा कोपऱ्यातला पेला आणखी एक केसभर बाहेर सारला.

खेळ सुरू झाला. डॉयलचा पहिला चेंडू कडेवर वाजून गवतात गेला. वायटचाही गेला. मॅकेना हसत सुटली. तिचे स्वतःचे नेमही लागत नव्हते, ग्रेचनचे तर कधीच लागत नसत. फेऱ्यांमागून फेऱ्या कोरड्या गेल्या. शेगडीवर सॉसेज भाजणारी मुलं वळून बघायला लागली.

"ही मॅच थँक्सगिव्हिंगच्या जेवणापर्यंत चालणार," कुणीतरी म्हणालं. "टर्की इथेच आणा."

"माझा हात ठीक आहे ना रे?" वायट डॉयलला म्हणाला. "मला वाटतं वारा आहे."

"वारा नाही. तुझं वय झालंय."

मग डॉयलचा एक चेंडू सरळ मध्यात पडला. तो पेला मॅकेनाने घेतला. बऱ्याच वेळाने दुसरा पडला, तो ग्रेचनने मॅकेनाच्या हातातून काढून घेतला आणि स्वतः प्यायली. प्रत्येक वेळी ती उरलेले पेले 'नीट' करायची. अंतर कायम राहायचं. तिला मनातल्या मनात बरं वाटत होतं. समोर आठ पेले उभे होते, काठोकाठ, आणि मैत्रीण शुद्धीत होती.

मॅकेनाने पुढचा चेंडू फेकला, तो टेबलापर्यंतही पोचला नाही.

"अगं, टेबल तिकडे आहे," डॉयल म्हणाला.

"गप रे," मॅकेना म्हणाली. तिच्या आवाजात चिडचिड होती, जी तिची नव्हती. ग्रेचनने वळून पाहिलं. ऑक्टोबरची दुपार, सगळे जाड स्वेटरांत, आणि मॅकेनाच्या वरच्या ओठावर घामाचे थेंब होते. बोटं थरथरत होती.

"मॅकेना, माझ्याकडे बघ."

"बघतेय ना. दोन आहेत तू." ती हसली, मग हसायचं कशाला हे विसरल्यासारखी थांबली.

"चढली तिला," वायट मजेत म्हणाला. "नाजूक तब्येत आहे."

ग्रेचनने मनात मोजलं. एक पेला. ही फक्त एक पेला प्यायली आहे. तिने मॅकेनाला बाजूच्या बाकावर बसवलं, कानाशी तोंड नेलं आणि हळू आवाजात विचारलं, "इन्सुलिन घेतलंस का? किती घेतलंस?"

मॅकेनाची जीभ जड झाली होती. "सगळं धरून घेतलं," ती म्हणाली. "बिअर दाट आहे त्यांची, साखर चढवणारी. आपले पेले, वर त्यांचे उरलेले. हिशोब केला मी. नंतर सगळ्यांसमोर सुई नको म्हणून आधीच."

"पण तू प्यायलीच नाहीस."

"पिणार होते ना," ती समजावणीच्या सुरात म्हणाली. "आपण हरणारच होतो."

ग्रेचनने टेबलाकडे पाहिलं. आठ पेले नखाएवढ्या अंतरावर उभे होते. मॅकेनाच्या शरीरात ज्या बिअरसाठी औषध गेलं होतं, ती बिअर तिथे टेबलावर होती. आता ती पाजताही येणार नव्हती. साखर घसरू लागली की यकृत आपल्या साठ्यातली सोडतं, आणि दारू नेमकं तेच अडवते.

"कुणाकडे साखरेचा सोडा आहे? ज्यूस? काहीही गोड?" ती मोठ्याने म्हणाली.

बर्फाच्या पेटीत हात घालून मुलांनी डबे वर काढले. शून्य साखर. डाएट. शून्य साखर. पुन्हा डाएट. ती एकेक डबा फिरवून वाचत होती आणि हात बधिर होत होते. तिने मागे वळून पाहिलं, तेव्हा मॅकेना बाकावर नव्हती.

डॉयल आणि दुसऱ्या एकाने तिला गवतावर घेतलं होतं. तिच्या पाठीवर पुस्तकांनी भरलेली सॅक चढवून पट्टे आवळले होते आणि तिला कुशीवर निजवलं होतं. फार प्यायलेल्याला इथे असंच झोपवायचे. सॅकमुळे माणूस उताणा होत नाही, ओकारी आली तरी गुदमरत नाही. काम काळजीने केलं होतं. कुणीतरी तिच्या डोक्याखाली स्वेटर सारला होता.

"झोपू दे तासभर," डॉयल म्हणाला. "उठेल ताजी होऊन."

"ती उठणार नाही," ग्रेचन म्हणाली. "अँब्युलन्स बोलवा. माझा फोन आत आहे."

कुणी हललं नाही. वायट जवळ आला, आवाज खाली आणून म्हणाला, "हे बघ, अर्ध्या लोकांना एकवीस पूर्ण नाहीत, त्यांनी पिणंच बेकायदा. मागच्या वर्षीच आम्हाला ताकीद मिळालीय. अँब्युलन्समागे पोलीस येतात. प्यायलेलं माणूस झोपून बरं होतं, ग्रेचन. मी शंभरदा बघितलंय."

"ती प्यायलेली नाही."

"अगं, बघ तरी तिच्याकडे."

"तू टेबलाकडे बघ." तिचा आवाज फाटत होता. सगळं विसकटून येत होतं, म्हणून ती एकेक शब्द सुटा करून बोलली. "आमच्या बाजूला किती उभे आहेत?"

वायटने पाहिलं. टेबल त्याला कळत होतं. "आठ."

"पडलेल्या दोनातला एक मी प्यायले. एका पेल्यात कुणी असं पडतं?"

"इथे येण्याआधी…"

"माझ्याबरोबर आली. तिला मधुमेह आहे. हरून सगळे प्यायला लागणार म्हणून तिने आधीच इन्सुलिन घेतलं. आणि तुमचे नेम लागले नाहीत, कारण मी पेले सुटे लावत होते."

वायट टेबलाच्या त्या टोकाला गेला. वाकून त्याने डोळा पेल्यांच्या पातळीला नेला. दोन पेल्यांमधून बोटाचं नख फिरवलं. मग त्याने ग्रेचनकडे पाहिलं नाही, खिशातून फोन काढला आणि तीन आकडे दाबले.

"डॉयल, सॅक काढ तिची," पलीकडचा आवाज येईपर्यंत तो म्हणाला. "आणि स्वयंपाकघरात पॅनकेकवर ओततो ते सिरप आहे. पळ."

डॉयलने आणलेल्या बाटलीत सिरप तळाशी चिकटलं होतं. ग्रेचन गवतावर गुडघे टेकून बसली. पाजलं तर श्वासनळीत जाईल, हे तिला माहीत होतं. तिने बोटावर थोडंसं घेतलं आणि मॅकेनाच्या गालाच्या आतून, हिरडीला चोळलं. पुन्हा घेतलं. गाल गार होता, घामाने निसरडा. मॅकेनाचे डोळे अर्धे उघडे होते आणि कशावरच ठरत नव्हते.

"गिळतेय का?" डॉयलने विचारलं.

"माहीत नाही."

"श्वास चालू आहे ना?"

"चालू आहे. बोलू नकोस माझ्याशी."

एकदा मॅकेनाचा हात जोरात झटकला गेला आणि बाटली उडाली. ग्रेचनला वाटलं, आता आकडी येणार. तिने तिचं डोकं दोन्ही तळव्यांत धरलं. स्टेडियमकडून लोकांचा गजर आला, बँड वाजायला लागला, आणि त्या आवाजात मॅकेनाचा श्वास तिला ऐकू येईना. तिने कान तिच्या तोंडाशी नेला. सिरपचा वास आला आणि त्यामागून एक क्षीण ऊब.

अँब्युलन्सचा माणूस पन्नाशीचा होता. दर शनिवारी तो या गल्लीत यायचा. "किती प्यायली?" त्याने गवतावर पेटी ठेवत विचारलं.

"एक पेला," ग्रेचन म्हणाली.

"हो, सगळे एकच पितात," तो म्हणाला. "खरं सांग, पोरी. मी कुणाला पकडायला आलो नाही."

"मधुमेह आहे. इन्सुलिन जास्त झालंय. पोटात काही नाही."

"खरं आहे ते," वायट मागून म्हणाला. "टेबल तसंच ठेवलंय, हवं तर मोजा."

त्या माणसाने टेबलाकडे पाहिलं नाही. मॅकेनाच्या बोटाला टोचलं, यंत्रावरचा आकडा वाचला, आणि त्याच्या चेहऱ्यावरची सवय गेली. सोबतच्या सहकाऱ्याला त्याने एकच शब्द सांगितला, "ग्लुकोज." शीर सापडायला वेळ लागला. दोनदा सुई बाहेर आली. तिसऱ्यांदा नळी बसली आणि दाट, पारदर्शक द्रव हळूहळू आत ढकलला गेला.

मॅकेनाने डोळे मिटले. ते मिटणं ग्रेचनला सहन झालं नाही. "मॅकेना," ती म्हणाली. "मॅकेना. उघड."

तिने उघडले. आभाळ, मग यंत्र, मग ग्रेचन, असं एकेक ओळखत ती आली.

"हरलो?"

"नाही."

"किती उरले?"

"आठ."

मॅकेनाने टेबलाकडे मान वळवली. हिशोब तिला जमत नव्हता की जमला होता, ते कळेना. "मग पेले लावताना तू…" ती म्हणाली.

"हो. मला सांगायचं होतंस, किती घेतलंस ते."

"तूही सांगायचं होतंस."

अँब्युलन्समध्ये त्या माणसाने ग्रेचनला बाजूच्या आसनावर बसवलं आणि पट्टा लावायला सांगितला. तिच्या बोटांना सिरप होतं, पट्टा निसटत होता. शेवटी त्यानेच तो लावून दिला. इन्सुलिन अजून काही वेळ काम करत राहील, साखर परत घसरू शकते, म्हणून हिला बोलतं ठेव, तो म्हणाला.

मग ग्रेचनने तिला आईचं नाव विचारलं. आईच्या गावचं नाव. कुत्र्याचं. सोमवारी पहिला तास कुठला. मॅकेना कंटाळून उत्तरं देत होती. मधे जरा थांबली की ग्रेचन तिच्या ओठांकडे बघायची आणि घाईने पुढचा प्रश्न शोधायची.