चौथ्या गिअरला माझा नकार

मी एक जुनी, निळी, चार दारांची मोटारगाडी आहे. पण मित्रांनो, आधीच सांगून ठेवते, माझी कीव करायची नाही. मी जुनी आहे, थकलेली नाही. या दोन गोष्टींतला फरक एका माणसाला कळला नाही, म्हणून मी भंगारात जाणार होते; थोडक्यात वाचले.

कारखान्यातून निघाले ती थेट ताईच्या दारात. ताई शाळेची बस चालवते. गाडीला काय हवे, ते तिच्या हाताला आपोआप कळते. चढ आला की दुसरा गिअर, मोकळा रस्ता मिळाला की चौथा. चढावर मी मोठ्याने गुरगुरत निघाले की ताई म्हणे, "शाबास गं!" काय ते दिवस होते! पुढे आईचे गुडघे दुखू लागले. तिला दर आठवड्याला टेकडीवरच्या दवाखान्यात व्यायामाला न्यायचे होते, म्हणून ताईने मला धाकट्या भावाच्या हवाली केले.

हा भाऊ घड्याळे दुरुस्त करतो. माणूस लाखात एक, पण डोक्यात एकच गोष्ट पक्की बसलेली: यंत्राचा आवाज जितका कमी, तितके ते सुखात. शिवाय मागच्या सीटवर आई डोळे मिटून बसलेली असे. तिची झोप मोडू नये म्हणून हा पठ्ठ्या गल्लीच्या तोंडाशीच चौथा गिअर टाकी आणि सायकलच्या वेगाने मला टेकडीवर नेई.

याचा अर्थ कळतो का तुम्हाला? एकेका पावलात चार-चार पायऱ्या चढ, तेही सावकाश आणि धापा न टाकता, असे कोणी तुम्हाला सांगितले तर? माझे इंजिन पुरेसे फिरतच नसे. आत ठकठक होई, आरसा थरथरे, दारे खडखडत. तो ॲक्सिलरेटर आणखी दाबी, मी आणखी हादरे. मग उसासा टाकून तो म्हणे, "म्हातारी झाली बिचारी." बिचारी? मी? माझ्या अंगाचा तिळपापड होई. हळूहळू त्याने मला धुणेपुसणेही सोडून दिले.

एके दिवशी ऐन चढावर मी बंद पडले. हट्टाने पडले म्हणा हवे तर. मागे गाड्यांची रांग लागली, हॉर्नचा नुसता कल्ला झाला. तिथेच त्याने ठरवले, गुरुवारी भंगारवाल्याला बोलवायचे.

गुरुवारी सकाळी ताई आली. "शेवटचं एकदा मी चालवते. आईला दवाखान्यात नेऊन आणू, मग काय ते कर," असे म्हणून तिने चावी घेतली. भाऊ शेजारी बसला. चढ लागला, ताईने दुसरा गिअर टाकला आणि मी जी उसळले! इतक्या वर्षांचा राग त्या आवाजात होता.

"अगं, केवढा आवाज! चौथ्यात घे, आई उठेल!"

"मागे बघ तरी जरा."

आई चक्क घोरत होती.

वर पोहोचल्यावर तिला हलवून जागे करावे लागले. "पोहोचलो पण? छान डोळा लागला होता रे."

"तू तर दर वेळी झोपतेस ना गाडीत?" भावाने विचारले.

"कसली झोप! तू चालवलीस की थरथरून माझी कवळी वाजते. ती पडू नये म्हणून डोळे-तोंड गच्च मिटून बसते मी. तुला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही इतकंच."

भाऊ खाली उतरला आणि माझ्या बॉनेटवर हात ठेवून उभा राहिला.

घरी परतलो तर भंगारवाला फाटकाशी हजर. "गाडी द्यायची नाही," भाऊ म्हणाला.

"अहो, तुम्हीच म्हणालात ना, म्हातारी झाली म्हणून?"

"चुकलं माझं. धडधाकट आहे ती."

तेव्हा मित्रांनो, एखादे यंत्र कुरकुरले तर त्याला लगेच निकामी ठरवू नका. आपण त्याला राबवतो आहोत कसे, हे आधी बघा. आणि यंत्रांनो, तुम्हीही मुकाट्याने सोसू नका. मी सोसत नाही. अजूनही चढावर भावाचा हात कधीतरी चौथ्याकडे वळतो. मग मी अशी हादरते की मागून आई ओरडते, "अरे, कवळी!" आणि तो निमूटपणे दुसरा टाकतो.