चाळिसावं मिनिट

डीनने चहाच्या चमच्याने बरणी भरली. मांजरांच्या पेटीत टाकतात ती करडी वाळू. झाकण लावलं, बरणी कानाशी धरून हलवली. अजून दोन चमचे.

*

पोस्टरवर परीक्षणातला चौथा तारा चिकटवला होता, जरा तिरपा. खाली कुठल्याशा पेपरातली ओळ: ‘बापाला असा निरोप कुणी दिला नसेल.’

*

डीनच्या फोनमधलं पहिल्या खेळाचं ध्वनिमुद्रण. चौदा माणसं, सगळी गप्प. मग मागून कुठूनतरी एकच हसू, खोकल्यासारखं कोरडं, अर्ध्यात गिळलेलं.

*

पांढऱ्या फुलांचा गुच्छ, सांत्वनाचं कार्ड अजून तसंच अडकवलेलं. फुलं कधीच वाळली.

*

बाराला वीस मिनिटं कमी असताना आलेला मेसेज: ‘एडिंबराला पोचलो. तुझ्या खेळाचं तिकीट आहे. पायऱ्या फार आहेत इथे. बाबा.’

*

डीनने मेसेज तीनदा वाचला. फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. त्याचा बाप, वॉल्ट ब्लँचर्ड, फोन कोटाच्या आतल्या खिशात ठेवत असे आणि कोटाची सगळी बटणं लावत असे.

खेळ दीडला होता, पबखालच्या तळघरात. साठ खुर्च्या. आणि आज तिसऱ्या रांगेत टीव्हीवाली बाई बसणार होती. तिने मान हलवली तर टीव्हीवर डीनच्या नावाचा अर्धा तास. नाही हलवली तर सप्टेंबरपासून पुन्हा गोदामातली पाळी, वयाच्या अडतिसाव्या वर्षी.

बारा वर्षं तो दुसऱ्यांच्या आधी दहा मिनिटं लोकांना हसवत आला होता. गेल्या हिवाळ्यात त्याच्या एजंटने, पिपाने, त्याला समोर बसवलं.

"हसवतात रे सगळेच," ती म्हणाली. "ऑगस्टात एडिंबराच्या महोत्सवात हजारभर लोक हसवायला येतात. लक्षात राहतो तो चाळिसाव्या मिनिटाला रडवणारा. तुझं कुणी गेलंय का?"

आई गेल्याला तीन वर्षं झाली होती. तिच्यावर एक ओळ लिहायची म्हटली तरी डीनचा हात थांबायचा. त्याने कपातल्या चहाकडे बघितलं आणि म्हणाला, बाबा गेले.

दुसऱ्या दिवशी पिपाची फुलं आली. त्यानंतर खरं सांगायचं राहून गेलं ते गेलंच. मार्चमध्ये त्याने कागदावर बापाला जाळलं, एप्रिलमध्ये राख मंचावर आणली. जुलैत रेडिओवर, बापाचा हात शेवटच्या क्षणी कसा थंड होत गेला, तेही सांगून झालं. दर रविवारी तो त्याच बापाशी फोनवर हवापाण्याचं बोलत होता. म्हातारा रेडिओ ऐकत नाही, पेपरात फक्त समुद्राचं हवामान बघतो, या भरवशावर.

सव्वाला त्याने सगळं मरण काढून टाकून पाहिलं. मनातल्या मनात खेळ म्हटला. अडतिसाव्या मिनिटाला तो असा संपत होता, जसा जिना मध्येच संपावा.

दीडला दिवे मालवले. तळघर भरलं होतं, पहिली रांग सोडून. तिथे कुणी आपणहून बसत नाही. तिसऱ्या रांगेत लाल चष्म्याची बाई, शेजारी पिपा. डीनने दाराकडे बघितलं. बाप नव्हता. चुकला असेल, पायऱ्यांनी हरला असेल. डीनने मनापासून तशी इच्छा केली.

सहाव्या मिनिटाला दार उघडलं. उशिरा येणाऱ्याला पहिल्या रांगेत बसवायचं, हा इथला शिरस्ता. वॉल्ट वाकत, लोकांची माफी मागत आला आणि मधल्या खुर्चीवर बसला. कोटाची सगळी बटणं लावलेली. काळा टाय.

डीनची जीभ थांबली नाही. रोज म्हणून म्हणून वाक्यं आपली आपण येत होती. ग्रिम्झबीची गोदी, मासे कापणारा बाप, डाव्या करंगळीचं गेलेलं पेर. नदीपलीकडच्या हल शहरावरचा बापाचा राग: टीव्हीवर तिथलं हवामान दाखवलं तरी तो आवाज बंद करायचा. लोक हसत होते. "आणि तो स्वतः? मी जन्मात त्याला हसताना ऐकलं नाही," डीन म्हणाला, आणि त्याची नजर पहिल्या रांगेवरून घसरली. म्हातारा हात मांडीवर ठेवून सरळ बसला होता, चर्चमध्ये बसतात तसा.

अडतिसावं मिनिट. बाप मेला. कुणी नाक ओढलं.

"चाळीस वर्षं म्हातारा बर्फात हात घालून उभा," डीन म्हणाला. "त्याला जाळायला नेलं तेव्हा म्हटलं, चला, एकदाची ऊब मिळाली."

तळघर हसून फुटलं. डीनने बरणी उचलली. इथे तो रोज ती पहिल्या रांगेतल्या कुणाच्या तरी हाती देत असे. आज खालीच ठेवावी, असं त्याने ठरवलं होतं. पण दिवे आधीच बसवलेले. पिवळा झोत रोजच्या वेळी, रोजच्या जागी पडला. मधल्या खुर्चीवर. सगळं तळघर वाट बघू लागलं.

तो दोन पावलं पुढे गेला.

"जरा धराल का हे?"

वॉल्टने दोन्ही हातांनी बरणी घेतली. डावी करंगळी त्याने तळाखाली दडवली.

"नाव काय तुमचं?" डीनला स्वतःचाच आवाज ओळखू येईना.

"हॅरल्ड."

"कुठले तुम्ही, हॅरल्ड?"

म्हाताऱ्याने घसा खाकरला. "हलचा."

लोक टाळ्या वाजवत हसले. डीन हसला नाही. यानंतरचा प्रश्नही ठरलेला होता, आणि दुसरा कुठलाच त्याला सुचेना.

"मुलं आहेत तुम्हाला?"

"एक होता," वॉल्ट म्हणाला.

 लाल चष्म्याच्या बाईने चष्मा काढला आणि डोळे टिपले.

अडीचला डीन मागच्या गल्लीत आला तेव्हा वॉल्ट दारूच्या रिकाम्या पिंपावर बसला होता, मांडीवर बरणी, एका हातात हॅमचं सँडविच. डीन समोर उभा राहिला. बरंच काही बोलायचं होतं. तो म्हणाला की मी सांगणार होतो. म्हातारा चावत राहिला.

"काय आहे रे यात?" घास गिळून त्याने बरणी हलवली.

"वाळू. मांजराची."

"तरीच. हलकी आहे." त्याने ती डीनच्या हातात दिली. "तुझ्या आईची जड होती."

आईची राख आणली त्या दिवशी डीन डर्बीत दहा मिनिटं करत होता. त्याने बरणी पोटाशी धरली.

पिपा धावत आली, गाल लाल झालेले. बाई हो म्हणाली होती. अर्धा तास, वसंतात. आणि तो हलचा म्हातारा सोन्यासारखा होता, असा माणूस रोज कुठून मिळणार! मग तिला पिंपावरचा माणूस दिसला आणि तिने त्याचा हात हातात घेऊन दाबला.

"तुमच्या मुलाचं ऐकून वाईट वाटलं हो, हॅरल्ड."

"चालायचंच, बाई," वॉल्ट म्हणाला. त्याने सँडविचच्या कागदाची घडी करून खिशात घातली, वरचं बटण लावलं आणि स्टेशनला कमी पायऱ्यांचा रस्ता कुठला, ते तिलाच विचारलं.

हा खेळ सर्वांत आधी एप्रिलमध्ये लीड्सला झाला, एका पबच्या माडीवर. चौदा प्रेक्षक होते. दाराजवळच्या खुर्चीवर ग्रिम्झबीहून बसने आलेला वॉल्ट ब्लँचर्ड होता, आणि उबेच्या विनोदाला त्या रात्री तो एकटाच हसला.