गाडीची दुसरी बाजू

चीनमधल्या तिएनत्सिनात मिठाची पोती वाहणाऱ्या फू देल्यांगची हातगाडी एकचाकी होती. चाक मधोमध, दोन्ही अंगांना फळ्या. एका फळीवर वजन ठेवलं की दुसरीवरही ठेवावंच लागे, नाहीतर गाडी कलंडे. लहानपणी बांधलेल्या पावलांमुळे त्याच्या दोन्ही बायकांना धड चालता येत नसे. जत्रेला जाताना एका फळीवर थोरली सूझन बसे, दुसरीवर धाकटी चिंगहो. धाकटी अंगानं भरलेली, थोरली चिपाड. तोल सांभाळायला देल्यांग थोरलीच्या फळीवर एक वीट ठेवायचा. त्या विटेनं सूझनचा जीव जेवढा जाळला तेवढा सवतीनंही जाळला नसेल.

त्या उन्हाळ्यात डोक्याला लाल फडकी बांधलेली पोरं परदेश्यांची चर्चं जाळत सुटली. देव अंगात आला की गोळी लागत नाही म्हणे! मग इंग्रजांची पलटण आली, सोबत हिंदुस्थानी शिपाई आले, आणि तोफांपुढं देवाचं काही चालेना.

"शहर सोडायचंय, मी वखारीतून गाडी आणतो. दोघी तयार राहा," असं सांगून देल्यांग गेला.

म्हणजे मरणाच्या दारातसुद्धा ही सटवी शेजारी बसणारच! सूझनच्या अंगाचा तिळपापड झाला. तो नजरेआड होताच ती धाकटीला म्हणाली,

"अगं, त्यांचा निरोप आलाय. तू युद्धदेवाच्या देवळापाशी थांब, आम्ही तिकडूनच येतो."

"आणि तुम्ही, ताई?"

"मला सामान बांधायचंय. नीघ आता, खांबासारखी उभी काय राहिलीस!"

देल्यांग आला तो विचारतच. "धाकटी कुठंय?"

"गेली माहेरच्या माणसांबरोबर. तुमच्यासाठी थांबायला तिला कुठली सवड?"

त्याला ते पटलं नाही. गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तो चिंगहोच्या नावानं ओरडत धावला. शेवटी आवाज फाटला. सूझन दारात उभी राहून ऐकत होती. तिच्या नावानं असं कुणी कधी ओरडलं नव्हतं.

मग त्यानं दुसऱ्या फळीवर मिठाचं पोतं टाकलं आणि गाडी उचलली. देवळाची वाट टाळून सूझननं त्याला पश्चिमेच्या वेशीतून न्यायला लावलं. नवरा एकदाचा तिच्या एकटीचा झाला होता. ती वाटभर बोलत राहिली, पण तो वाटेवरच्या गर्दीत धाकटीला शोधत राहिला.

कालव्यावर इंग्रज शिपायांनी अडवलं. त्यांना दारूगोळ्याच्या पेट्या वाहायला माणूस हवा होता. त्यांनी पोतं फेकलं, सूझनला खाली ओढलं आणि दोन्ही फळ्यांवर पेट्या चढवल्या. पाठीत बंदुकीचा दस्ता बसल्यावर देल्यांग चालू लागला. जाताना त्यानं वळून पाहिलं ते तिच्या डोक्यावरून, शहराच्या दिशेनं.

ऊन कलल्यावर त्याच रस्त्यानं लंगडत चिंगहो आली. जोडे रक्तानं माखले होते.

"ताई! देवळाला आग लागली हो, म्हणून लोकांमागं पश्चिमेच्या वेशीतून निघाले. हे कुठं आहेत?"

"धरून नेलं गोऱ्यांनी."

चिंगहो मटकन बसली आणि पोटभर रडली. मग नाक पुसून उठली. "उठा. इथं राहून कसं चालेल? टाका माझ्या खांद्यावर भार."

दोघी एकमेकींना धरून ज्वारीच्या शेतांकडे निघाल्या. सूझनचा सगळा भार सवतीच्या खांद्यावर होता. तो खांदा सुटला असता तर ती तिथंच पडली असती.

"ताई, खरं सांगा," चिंगहोनं हळूच विचारलं. "त्यांनी मला शोधलं का हो?"

तो फाटलेला आवाज सूझनच्या कानातून अजून गेला नव्हता.

"नाही," ती म्हणाली. "तुझं नावसुद्धा काढलं नाही."